विद्युत् स्नायुलेखन, परिमाणात्मक
स्नायूत सुईसारखे विद्युत् अग्र खुपसून मिळणाऱ्या विद्युत् संकेतांचे मापन करून निदान करण्याची पद्धती. हे संकेत केवळ पाहून वा ऐकून काढलेला निष्कर्ष परीक्षकाच्या अनुभवावर अवलंबून असतो व त्यात सौम्य विकृती निसटू शकते. म्हणून फ्रिट्स बुख्ताल व सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कोपनहेगन येथे पुढील रीत विकसित केली. एका स्नायूतील सु. २० प्रेरक एककांच्या वर्चसांचा कालावधी मोजून त्याची सरासरी त्याच स्नायूच्या व वयोगटाच्या प्रसामान्य मूल्याशी ताडतात. स्नायुविकारात हा कालावधी सामान्यतः घटतो, तर जुन्या तंत्रिकाविकारात वाढतो. संगणकामुळे हे मापन शीघ्र होते. तथापि संकेतांची निवड सदोष असल्यास अचूक आकडाही दिशाभूल करतो.