गटार संपतं कुठे?

गावात नळ आला की सोहळा होतो. टाकीचं भूमिपूजन, पहिल्या पाण्याला नारळ, पाहुण्यांचे सत्कार. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला ही लहान गोष्ट नव्हे, तेव्हा सोहळा व्हायलाच हवा. पण घरात आलेलं पाणी वापरून झाल्यावर कुठे जाणार, हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारत नाही.

15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं आणि माणशी रोज 55 लिटर हे माप ठरलं. घरात आलेल्या पाण्यातलं साधारण सत्तर टक्के पाणी आंघोळ, धुणी-भांडी होऊन मोरीतून बाहेर पडतं. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज 1 लाख 10 हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे सुमारे 77 हजार लिटर सांडपाणी. दहा हजार लिटरचे जवळपास आठ टँकर, आणि तेही रोज. हा झाला कागदावरचा हिशेब. मीटर नाही, नळाला तोटी नाही, पाणी सुटलं की भरलेल्या पिंपावरून तासभर वाहतंय, अशा गल्ल्यांत तो कधीच ओलांडला जातो.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे गटार. सदस्य निवडून आला की पहिली मागणी गटाराची असते, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि त्यावर नावाचा फलक लागतो. गटार पाणी दारातून हलवतं, तेवढंच त्याचं काम. शेवटचा मीटर जिथे बांधून होतो तिथे पाण्याचं काय करायचं, याची ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत नसते. पाणी उताराने जातं, आणि गावाचा उतार कुठल्या वस्तीकडे आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. वरच्या आळीची मोरी खालच्या वस्तीच्या दारात साचते. बांधणाऱ्याला हे दिसत नाही यावर माझा विश्वास नाही.

पावसाळ्यात हेच गटार उलटतं. गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट चढत जातं, दर थराने रस्ता वर येतो आणि जुनी घरं खाली जातात. गटाराचा उतार बांधतानाच कच्चा असतो, त्यात गोठ्यातलं शेण, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या. छपरांच्या पन्हळीही त्यातच सोडलेल्या. मोरीच्या पाण्यासाठी बांधलेल्या फूट-दीड फुटाच्या चरात पहिल्या वळवाचं पाणी मावणार कसं? ते आल्या वाटेने माघारी फिरतं आणि मोरीच्या भोकातून घरात येतं. नदीकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट घडते. पंचगंगेचंच घ्या. तिची इशारा पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात. नदी चढली की ओढ्यांना फुगवटा येतो, ओढ्याचं पाणी गटाराच्या तोंडाशी येऊन थांबतं, आणि पूर गावात शिरण्याआधीच गटाराचं पाणी गल्लीत पसरतं. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेलं. एवढ्या पुरात गटार, ओढा आणि नदी वेगळी राहतच नाहीत.

या पाण्यात नुसता साबण असता तरी चाललं असतं. घरोघरी शौचालयं झाली हे मोठंच काम झालं, पण अनेक घरांनी दोन शोषखड्ड्यांऐवजी सेप्टिक टँक बांधला आणि त्याचा पाइप गटारात सोडला. टँकमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असतं असा मोठा गैरसमज आहे. टँकमध्ये मैल्याचा जाड भाग तळाला बसतो. वरून निघणाऱ्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. त्याला पुढे जमिनीत मुरायला खड्डा लागतो. तो नसेल तर उघड्यावरचा संडास बंद होऊन उघड्या गटारातला सुरू झाला, इतकाच फरक.

आणि त्याच गटारातून, किंवा त्याच्या कडेने, पिण्याच्या पाण्याची जोडणी गेलेली असते. पाणी चोवीस तास सुटत नाही. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि सांधा ढिला असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळाला पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं ते यामुळे. बायका ते पाणी सांडून देतात आणि पुढचं भरतात. कावीळ आणि गॅस्ट्रो याच वाटेने घरात येतात. आशाताई घरोघर फिरून क्लोरीनच्या बाटल्या देतात, त्याचं मोल आहेच. पण सांधा बदलल्याशिवाय साथ मुळातून थांबत नाही.

आता नदीकडे येऊ. प्रयाग चिखलीच्या संगमावरून निघालेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिच्या प्रदूषणातला मोठा वाटा कोल्हापूर आणि इचलकरंजी शहरांचा आणि उद्योगांचा आहे. गावांकडे बोट दाखवून तो कोणी झाकू नये. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली, हे या खोऱ्यात कोणी विसरलेलं नाही. तरी काठावरचं प्रत्येक गाव आपापला ओढा नदीत सोडतं, आणि उन्हाळ्यात नदीला ते पेलत नाही. कारण तेव्हा नदी वाहत नसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की ती एकापाठोपाठ एक डबक्यांत उभी राहते. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला निदान 5 मिलिग्रॅम असावा, असं प्रमाण आहे. साठलेल्या पाण्यात तो झपाट्याने उतरतो, मैल्याच्या आणि खतांच्या पोषणावर केंदाळ माजतं, त्याच्या जाड गादीखाली ऊन पोचत नाही. मग बरगे काढले की वरचं काळं पाणी एकदम खालच्या बंधाऱ्यात उतरतं, आणि खालच्या अंगाच्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला सकाळी काठाला मासे तडफडताना दिसतात. तेरवाडच्या बंधाऱ्याचं नाव बातम्यांत येतं ते यासाठी. तेच पाणी पुढच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नळाचं पाणी उपसायच्या विहिरीत, जातं.

मग करायचं काय? नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव यासाठी नावाजलं. तिथे गटारं वाढवण्याऐवजी प्रत्येक घराचं पाणी त्याच घरापाशी मुरवलं. ती रीत पुढे जिल्हाभर गेली, रोजगार हमीतून तिला पैसे मिळाले आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव पडलं. खड्डा साधा आहे. लांबी, रुंदी, खोली चार-चार फूट. मधोमध सिमेंटची गोल टाकी, तिला वरच्या अंगाला भोकं. भोवती दगड: तळाला मोठे, वर लहान. मोरीचं पाणी पाइपाने टाकीत पडतं. राख, शितं, माती टाकीच्या तळाशी बसते, निवळलेलं पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत जातं. वर झाकण. सगळी खुबी मधल्या टाकीत आहे. ती नसेल तर पहिल्याच वर्षी गाळाने दगड चोंदतात आणि लोक म्हणतात, शोषखड्डे चालत नाहीत. टाकीतला गाळ मात्र वेळच्या वेळी काढावा लागतो. गटारं कोरडी पडल्याने तिथला क्युलेक्स डास गेला, जो हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे रांजण आणि टायरांकडे वेगळं बघावंच लागतं.

पण नांदेडचा नकाशा उचलून शिरोळात ठेवला तर तो फसेल. नदीकाठची काळी माती पाणी पिते हळू आणि धरून ठेवते फार. त्यात शिरोळमध्ये उसाच्या पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी, हात-दोन हातांवर ओल. तिथे आणखी पाणी मुरवायचं म्हणजे दुखण्यात भर. पूरपट्ट्यात खड्डा बुडतो आणि शौचालयाच्या खड्ड्यातला मैलाही पुराबरोबर बाहेर येतो. तिथे खड्डे उंचवट्यावर हवेत. अशा गावांना गटार लागणारच, फक्त त्याच्या टोकाला काहीतरी हवं: आधी गाळ बसवणारी टाकी, मग पाणी काही दिवस थांबेल असं स्थिरीकरण तळं, किंवा खडीच्या वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावून त्यातून पाणी फिरवायचं. त्याला वीज जवळजवळ लागत नाही. जागा लागते, आणि गावठाणालगतची जागा सोडायला कोणी तयार होत नाही. बहुतेक आराखडे इथेच अडतात. गायरानावर अतिक्रमण झालेलं असतं, ओढ्याच्या कडेपर्यंत ऊस आलेला असतो.

पैशाचं रडगाणं पूर्ण खरं नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला 660 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली. दोन हजारांच्या गावाला ती 5 लाख 60 हजार होते. शिवाय 15 व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केला. हा बंधित निधी गटारांवर किती गेला आणि त्यांच्या टोकाशी किती, एवढं प्रत्येक सरपंचाने आपल्या वहीत काढून पाहावं.

सेप्टिक टँक उपसण्याचा प्रश्न एकट्या गावाच्या आवाक्यातला नाही. गाडी येते, टँक रिकामा करते आणि रात्री ओढ्यात सोडते, हे सर्रास चालतं. कृष्णाकाठच्या वाईने आणि नाशिककडच्या सिन्नरने ठरलेल्या पाळीने टँक उपसून मैल्यावर प्रक्रिया करण्याचं काम 2018 च्या सुमारास सुरू केलं. जवळच्या शहराच्या अशा केंद्राला आजूबाजूची गावं जोडता येतात. संरक्षक साधनांशिवाय टँकमध्ये माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तरीही उतरवला जातो.

पुढच्या ग्रामसभेत गटाराचा ठराव आला तर अंदाजपत्रक मागून घ्या आणि शेवटचं पान बघा. गटाराचं टोक कोणत्या गट नंबरात आहे, तिथे पाणी किती दिवस थांबणार आहे, गाळ कोण काढणार आणि त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, हे तिथे लिहिलेलं नसेल तर ठरावावर सही करू नका. आधी नळांना तोट्या बसवून घ्या. त्याला ना जागा लागते ना तांत्रिक मंजुरी.