खिसा रिकामा, छडा पक्का

बायको सोडून गेलेली, नोकरी सुटलेली, भाडं थकलेलं आणि संध्याकाळ झाली की पाय आपोआप बारकडे वळणारे. अशा माणसाच्या हाती आपण सोसायटीच्या टाकीची चावीसुद्धा देणार नाही. पण रहस्यकादंबरीत खुनाचा तपास त्याच्याकडे गेला, की चारशे पानं आपण निमूट त्याच्यामागे चालतो. इंग्रजीत तर गेली ऐंशी-नव्वद वर्षं हा पडेल गुप्तहेर हुशार आणि सुखवस्तू गुप्तहेरांना पुरून उरला आहे. वाचकाला त्याची कीव येते म्हणून तो चालतो, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कीव दोन प्रकरणांत संपते. हा माणूस टिकतो, कारण त्याच्या कडकीवरच गोष्ट चालते.

भाड्याचा प्रश्न

तसं पाहिलं तर शेरलॉक होम्सची सुरुवातही भाड्यापासूनच झाली. १८८७च्या पहिल्या कादंबरीत बेकर स्ट्रीटची जागा एकट्याला परवडत नाही म्हणून तो भागीदार शोधत असतो. अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेला डॉ. वॉटसनही पैशाने तंगच असतो. दोघांचं जमतं. पण कॉनन डॉयलला या ओढगस्तीत फारसा रस नव्हता. चारच वर्षांनी, पहिल्या लघुकथेत, बोहेमियाचा राजा मुखवटा घालून होम्सच्या दारात उभा राहतो आणि पैशाचा विषय तिथेच मिटतो. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लॉर्ड पीटर विम्झीसारखा उमरावाचा मुलगा दुर्मीळ पुस्तकं गोळा करता करता खुनी पकडू लागला.

अमेरिकेत चित्र वेगळं होतं. डॅशिएल हॅमेटने पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत खरोखरच नोकरी केली होती, त्यामुळे या धंद्यात ऐट किती आणि तंगडतोड किती हे त्याला ठाऊक होतं. रेमंड चँडलर एका तेल कंपनीत वरच्या पदावर होता. १९३२ साली, मंदीच्या ऐन भरात, दारू आणि गैरहजेरीपायी त्याची नोकरी गेली. वय चव्वेचाळीस. मग त्याने स्वस्त मासिकांसाठी गुन्हेकथा लिहायला घेतल्या आणि १९३९च्या ‘द बिग स्लीप’मधून फिलिप मार्लोला कादंबरीत आणलं. मार्लोही सरकारी वकिलाच्या कचेरीतून वरिष्ठांचं न ऐकल्याबद्दल काढून टाकलेला आहे. त्याचा दर दिवसाला २५ डॉलर आणि वर होईल तो खर्च.

त्या कादंबरीत मार्लो आपल्या अशिलाला प्रथम भेटतो तो प्रसंग पाहण्यासारखा आहे. म्हातारा, कोट्यधीश जनरल स्टर्नवूड चाकांच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसला आहे. त्याला थंडी सोसत नाही म्हणून ऑर्किडच्या काचघरात बैठक आहे. मार्लो कोट काढतो, घामाने निथळतो, ब्रँडी पितो. म्हाताऱ्याला ती पिता येत नाही म्हणून तो नुसता बघत राहतो. स्टर्नवूडचा पैसा तेलाचा आहे. ज्या धंद्याने चँडलरला दार दाखवलं, त्याच धंद्यातल्या धनिकापुढे त्याने आपल्या नायकाला घाम गाळत बसवलं. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

नकाराला किंमत लागते

श्रीमंत नायकाने लाच नाकारली, तर त्यात विशेष काय? कडका माणूस नाकारतो तेव्हा मात्र वाचक मनातल्या मनात हिशेब करतो. चँडलरच्या १९५३च्या ‘द लाँग गुडबाय’मध्ये मार्लोकडे ५,००० डॉलरची एक नोट येते. मार्लोसारख्याला ही कित्येक महिन्यांची कमाई. तो ती खर्च करत नाही, जपून ठेवतो आणि शेवटी परत करतो. या कादंबरीचं कथानक गुंतागुंतीचं आहे, वर्षभरात विसरायला होतं. ती न मोडलेली नोट विसरत नाही.

दुसरा फायदा तंत्राचा आहे. पोलिसाला ओळखपत्र दाखवून माहिती मिळते, त्यामुळे लेखकाला तो प्रसंग एका ओळीत उरकता येतो. ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, त्याला बसावं लागतं, बोलावं लागतं, थांबावं लागतं. मोलकरीण, लिफ्टमन, बारमधला पोऱ्या यांच्याशी त्याला माणसासारखं वागावं लागतं. आणि ही माणसं त्याच्यापाशी तोंड उघडतात, कारण त्याची भीती वाटत नाही. म्हणजे पुरावा हाती येता येता एक शहर कळत जातं. तपास जितका अडतो, तितकी कादंबरी भरते.

तिसरी गोष्ट म्हणजे याच्याकडे येणारी कामंच उरलीसुरली असतात. ज्यांना वकील परवडत नाही, ज्यांची फाइल बंद झाली आहे, ज्यांच्या मेलेल्या माणसाबद्दल कुणाला काही पडलेली नाही, असे लोक याच्याकडे येतात.

परवाना नसलेला माणूस

या सगळ्याचा उत्तम नमुना म्हणजे लॉरेन्स ब्लॉकचा मॅथ्यू स्कडर. स्कडर न्यूयॉर्क पोलिसांत होता. लुटारूंवर झाडलेल्या त्याच्या गोळ्यांपैकी एक उसळून एका लहान मुलीला लागली आणि ती मेली. खात्याने त्याला दोषी धरलं नाही, उलट कौतुक केलं. त्यानेच नोकरी सोडली. बायको आणि दोन मुलांना उपनगरातल्या घरी ठेवून तो मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलच्या खोलीत राहायला आला. कॉफीत बर्बन व्हिस्की ओतून दिवस काढतो. गुप्तहेराचा परवाना काढत नाही. ओळखीच्यांसाठी काही कामं करतो आणि ते त्याला काही पैसे देतात, एवढाच त्याचा धंदा.

मिळालेल्या पैशाचा दहावा हिस्सा तो कुठल्याही चर्चच्या दानपेटीत टाकतो. श्रद्धा आहे म्हणून नाही. का टाकतो ते त्यालाही नीट सांगता येत नाही. कॅथलिकांच्या पेट्यांत जास्त पैसे जातात, कारण त्यांची चर्चेस जास्त वेळ उघडी असतात. हा एक तपशील मला त्याच्या साऱ्या पश्चात्तापाच्या वर्णनांपेक्षा मोलाचा वाटतो. ब्लॉक त्यावर भाष्य करत बसत नाही. स्कडर जातो, मेणबत्ती लावतो, पैसे टाकतो आणि पुढच्या माणसाला भेटायला निघतो.

१९७६च्या पहिल्या कादंबरीत मुलगी मेलेली आहे, संशयितानेही कोठडीत गळफास घेतला आहे, पोलिसांच्या लेखी प्रकरण संपलं आहे. घरच्यांना एवढंच हवंय की आपली मुलगी कशी जगत होती ते कुणीतरी सांगावं. हे काम घ्यायला स्कडरच हवा. १९८२च्या ‘एट मिलियन वेज टु डाय’मध्ये धंदा सोडू पाहणाऱ्या एका तरुणीचा खून होतो. संशय तिच्या दलालावर, आणि तोच दलाल स्कडरला कामावर ठेवतो. इथे दोन तपास बरोबरीने चालतात. एक खुनाचा आणि एक आजचा दिवस न पिता जातो का याचा. स्कडर मद्यमुक्तीच्या सभांना जाऊन मागे बसतो, पाळी आली की आज फक्त ऐकणार म्हणतो. खुनी कोण यापेक्षा हा माणूस कधी बोलणार याची उत्कंठा जास्त लागते. रहस्यकथेत असं घडवणं सोपं नव्हे.

एका रुपयाचा तपास

पडेल गुप्तहेर दारूडाच असला पाहिजे असं काही नाही. आपल्या मुंबईचा इन्स्पेक्टर गणेश घोटे पीत नाही, त्याची बायको प्रोतिमा आणि मुलगा वेद त्याच्याजवळच असतात. त्याचं दुर्दैव कचेरीतलं आहे. वरिष्ठ त्याला झापतात, साक्षीदार दरडावतात, श्रीमंत त्याला दारात तिष्ठत ठेवतात. खुनाच्या तपासातला बॉम्बे सीआयडीचा अधिकारी इतका बिचकणारा असू शकतो, हीच मुळात गंमत आहे.

घोटेचा निर्माता एच. आर. एफ. कीटिंग इंग्रज. त्याची आधीची पुस्तकं फारच ब्रिटिश आहेत म्हणून अमेरिकन प्रकाशक घेत नव्हते. तेव्हा त्याने भारत निवडला आणि दहाएक वर्षं मुंबई न पाहताच मुंबईवर लिहिलं. १९६४च्या ‘द परफेक्ट मर्डर’मध्ये लाला वर्दे नावाच्या धनाढ्याच्या पारशी सेक्रेटरीवर हल्ला होतो. त्याचं आडनाव परफेक्ट, म्हणून प्रकरणाचं नाव ‘परफेक्ट मर्डर’, आणि मि. परफेक्ट तर अजून मेलेलेच नाहीत. ते कमी म्हणून मंत्र्याच्या टेबलावरून नाहीशा झालेल्या एका रुपयाचा तपासही घोटेच्याच गळ्यात पडतो. शिवाय कामकाज पाहायला आलेला युनेस्कोचा धिप्पाड स्वीडिश पाहुणा सतत मागे असतो. या कादंबरीला ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखक संघटनेचा गोल्ड डॅगर मिळाला. १९८८ साली मर्चंट-आयव्हरीच्या चित्रपटात नसीरुद्दीन शाह घोटे झाले.

मराठी वाचकाला या पुस्तकांत खटकेल असं बरंच आहे. पात्रांचं इंग्रजी सगळं एकाच हेलात चालतं, आणि घोट्यांच्या घरात आपल्याला ओळखीचं वाटावं असं फार थोडं सापडतं. पण सरकारी नोकरीतली लाचारी कीटिंगला अचूक कळली होती. १९८६च्या ‘अंडर अ मॉन्सून क्लाउड’मध्ये केळकर नावाचा करारी वरिष्ठ, घोटेचं दैवतच म्हणा ना, रागाच्या भरात कामचुकार हाताखालच्याला दौत फेकून मारतो आणि तो मरतो. घोटे प्रेत लपवायला मदत करतो. मग चौकशी लागते. खरं बोलावं तर नोकरी जाते, खोटं बोलावं तर घोटे घोटे राहत नाही. पोलीस खात्याविषयीच्या कादंबऱ्यांत मी ही फार वर ठेवीन.

दुखणं खरं असावं लागतं

हे रसायन आता इतकं खपतं, की कित्येक लेखक घटस्फोट आणि व्हिस्की नायकाला गणवेशासारखी चढवतात. ओळखायची खूण साधी आहे. त्या दुखण्यामुळे तपासात काही अडतं का? जे. के. रोलिंगने रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने २०१३ साली आणलेला कॉर्मोरन स्ट्राइक अफगाणिस्तानात गुडघ्याखाली पाय गमावून आलेला आहे. देणी थकली आहेत, ठरलेलं लग्न मोडलं आहे, तो ऑफिसातच खाट टाकून झोपतो आणि हंगामी सेक्रेटरीला ते कळू नये म्हणून सकाळी लपवालपवी करतो. कृत्रिम पाय घासून जखम झाली की त्याला पाठलाग करता येत नाही, जिना चढवत नाही. दुखणं कथानकात उतरलं आहे. पुढची पुस्तकं मात्र विटेएवढी जाड आहेत, आणि तितकी व्हायचं कारण मला सापडलेलं नाही.

स्वीडनच्या हेनिंग मांकेलचा कुर्ट वालँडरही घटस्फोटित, झोप न झालेला. त्याचे वडील चित्रकार आहेत आणि आयुष्यभर एकच निसर्गचित्र रंगवत आले आहेत. कधी त्यात रानकोंबड्यासारखा एक पक्षी असतो, कधी नसतो. मुलगा पोलीस झाला हे त्यांना कधीच रुचलेलं नाही. वालँडरच्या उदासीवर पानं खर्च न करता मांकेल आपल्याला त्या चित्रांसमोर नेऊन उभं करतो.

आपल्याकडे तो का नाही

मराठी रहस्यकथेने गडी मोठे दिले, पडलेले फार थोडे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो वा काळापहाड, त्यांना महिनाअखेरीची चिंता नसते. सुहास शिरवळकरांच्या फिरोझ इराणीतही रुबाब जास्त. वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्याच्या घरी चणचण होतीच, ती पुन्हा पुस्तकात कशाला, असा तो व्यवहार असावा. त्यात भारतात खासगी गुप्तहेर खुनाच्या जवळपास फिरकत नाही. लग्नाआधी स्थळाची चौकशी आणि कंपन्यांसाठी माहिती काढणं हीच त्याची मुख्य कामं. अशा गुप्तहेरांच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

पण कथेला यापेक्षा काय हवं? विभागीय चौकशीत अडकलेला एक निलंबित पीएसआय घ्या. अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता, क्वार्टर सोडायची नोटीस, आणि मेव्हण्याच्या ओळखीने आलेलं एका स्थळाच्या चौकशीचं काम. मुलाचं घर, ऑफिस, जुने शेजारी धुंडाळताना चार वर्षांपूर्वी ‘अपघात’ म्हणून मिटलेला एक मृत्यू समोर येतो. हातात दंडुका नाही, गाडी नाही, ठाण्यातले जुने सहकारी फोन उचलत नाहीत. हा माणूस मराठीत कुणीतरी लिहायलाच हवा, आणि खातं आतून पाहिलेल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने लिहिला तर फारच उत्तम.

सुरुवात कुठून

मार्लो ‘द बिग स्लीप’पासून वाचावा, त्यातला एक खून कुणी केला हे नीट लागत नाही, तिकडे दुर्लक्ष करावं. घोटेसाठी १९६४चं पुस्तक किंवा सरळ ‘मॉन्सून क्लाउड’. स्ट्राइकचं पहिलं पुरे. स्कडर मात्र क्रमाने वाचा. त्याच्या १७ कादंबऱ्या आहेत आणि बहुतेक गुप्तहेरांसारखा तो वयाने थांबून राहत नाही. पुस्तकागणिक म्हातारा होत जातो.