पैनगंगेच्या दोन काठांवर

घाटंजीहून पांढरकवड्याला गेलं, की तिथून राष्ट्रीय महामार्ग दक्षिणेला आदिलाबादकडे निघतो. पाटणबोरी मागं पडली, पैनगंगेचा पूल ओलांडला, की तेलंगणा सुरू. माती बदलत नाही. इकडे पराटी, तिकडेही पराटी. गोंड, कोलाम, बंजारा दोन्ही काठांवर आहेत आणि आदिलाबादच्या बाजारात मराठी सर्रास बोलली जाते. तरीही आमच्या भागात एक प्रश्न हमखास निघतो : ‘‘तिकडे कास्तकाराला जास्त मिळते. आपण तिकडे असतो तर?’’ या प्रश्नाचा आज थोडा हिशेब मांडतो.

ही सीमा तशी जुनी. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. आदिलाबाद मात्र हैदराबाद संस्थानातच राहिलं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका नांदेडला जोडला गेला, बाकीचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. 2 जून 2014 रोजी तेलंगणा वेगळं झालं आणि तुलना सुरू झाली ती खरी त्यानंतर.

आधी रोख पैसा पाहू. तेलंगणानं 2018 मध्ये ‘रयतु बंधू’ योजना आणली. पेरणीआधी एकरी 4 हजार रुपये, तेही दोन्ही हंगामांत. पुढे 5 हजार झाले आणि 2025 मध्ये ‘रयतु भरोसा’ या नावानं हंगामाला एकरी 6 हजारांचा दर ठरला. म्हणजे पाच एकरवाल्याला वर्षाचे 60 हजार. केंद्राचे ‘पीएम किसान’चे 6 हजार दोन्हीकडे सारखेच. आपल्याकडे त्यात 2023 पासून ‘नमो शेतकरी’चे आणखी 6 हजार. एकूण 12 हजार, मग वावर एक एकर असो की पाच. वीजही तशीच. तिकडे 1 जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज जाहीर झाली. आपल्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल 2024 मध्ये माफ झालं, पण पाळी रात्रीची असली की कास्तकाराला अंधारात ओलितासाठी जावं लागतं. बिल माफ होणं वेगळं आणि दिवसा वीज मिळणं वेगळं.

पण एकराच्या मापानं दिलेला पैसा ज्याची जमीन जास्त त्यालाच जास्त मिळतो. मक्त्यानं किंवा बटईनं वावर कसणारा ‘रयतु बंधू’च्या यादीत नव्हताच. शिवाय बाईच्या हातातला पैसा मोजला, तर 2024 पासून आपल्याकडच्या ‘लाडकी बहीण’चे महिना दीड हजार हिशेबात धरावे लागतात. एसटीत बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. तेलंगणात त्याच वर्षी डिसेंबरपासून साध्या आणि एक्सप्रेस बसचा प्रवास त्यांना मोफत झाला.

आता जे हातात पडत नाही, पण आयुष्य घडवतं, ते पाहू. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची साक्षरता सुमारे 83 टक्के होती. तेव्हाच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याची 61. नदी एकच, पण शाळेच्या बाबतीत दोन काठांत एवढं अंतर. बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचं प्रमाण 2018–20 च्या नमुना नोंदणीनुसार लाख जन्मांमागे महाराष्ट्रात 33, तेलंगणात 43. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातली शंभरातली साठ बाळंतपणं पोट चिरून झालेली दिसतात, महाराष्ट्रात पंचवीस. आणि त्याच पाहणीच्या आधारे नीती आयोगानं पोषण, शिक्षण, घर, वीज, चूल असं सगळं धरून गरिबी मोजली, तेव्हा महाराष्ट्रात 7.8 टक्के लोक गरीब निघाले, तेलंगणात 5.9. म्हणजे एका मापानं आपण पुढे, दुसऱ्यानं ते. राज्याच्या सरासरीतही गोम असते. तिकडची सरासरी हैदराबाद फुगवतं, इकडची मुंबई-पुणं. घाटंजी आणि आदिलाबाद दोघंही त्या सरासरीखाली झाकली जातात.

एका गोष्टीत मात्र पारडं उघड तिकडे झुकतं. 15 ऑगस्ट 2018 पासून तेलंगणानं ‘रयतु बीमा’ सुरू केला. 18 ते 59 वयाचा जमीनधारक शेतकरी कोणत्याही कारणानं गेला, तरी वारसाला 5 लाखांचा विमा. हप्ता सरकार भरतं. आपल्याकडे कास्तकारानं आत्महत्या केली, तर ठरलेली मदत 1 लाखाची. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. तीही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. जमीन कुणाच्या नावे, कर्ज कुणाचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं कागदावर दाखवायचं. नवरा गेलेल्या बाईनं त्याच्या मरणाचं कारण सिद्ध करत बसायचं. ज्या जिल्ह्यासाठी 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या जिल्ह्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग तिकडे जावं का? चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात 14 गावं अशी आहेत, की त्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. अनेक घरांत दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात दोन्हीकडच्या शाळा. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या पट्ट्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं भांडत आली. दोन सरकारं लाभली म्हणून जमीन नावावर झाली नाही.

माझ्या मते सीमा हलवण्यापेक्षा चांगली गोष्ट सीमेपलीकडून आणणं सोपं आहे. तेलंगणानं आपल्याकडून शाळा आणि सुखरूप बाळंतपण घ्यावं. आपण त्यांच्याकडून दिवसाची वीज आणि कारण न विचारणारा विमा घ्यावा. पुढच्या वेळी मत मागायला कुणी गावात आलं, तर ‘‘तिकडे किती देतात’’ एवढंच न म्हणता या दोन गोष्टींची नावं घेऊन विचारा, की त्या कधी देता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)