लोकवर्गणी ते ग्रामसभा

मिरजेहून निघालेली पहिली ‘जलदूत’ रेल्वे 12 एप्रिल 2016 रोजी सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभारली. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, नोकरदार अशा साऱ्यांनी लोकवर्गणी दिली आणि साई ते नागझरी बंधाऱ्यांदरम्यानचे मांजरा नदीचे सुमारे 18 किलोमीटर पात्र खोल व रुंद करण्याचे काम सुरू झाले.

गाळ काढल्याने पात्रात जास्त पाणी थांबते आणि जमिनीतही मुरते. पण ते पाणी शुद्ध करून घरोघरी पोहोचवणे, नळगळती थांबवणे हे काम महानगरपालिकेचेच. वर्गणी कितीही मोठी असली तरी ती पालिकेच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही.

गावात लोकसहभाग आणि सरकारी जबाबदारी यांची सांगड ग्रामसभा घालते. महाराष्ट्रात वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात गावाचा आराखडा गावानेच ठरवायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या आपल्या निधीतील 60 टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला.

म्हणून लातूर जिल्हा असो वा नांदेड, आपल्या गावाची मागणी ग्रामसभेत मांडा, ती ठरावात नोंदवून घ्या आणि पुढच्या सभेत खर्चाचा हिशेब मागा. वर्गणीइतकेच हेही गावाचे काम आहे.