कार्ड तुझं, तुझ्याच पर्समध्ये!

"मावशी, पुढच्या आठवड्यात पॅरिस! व्हिसाबिसा काही नको!" जर्मनीहून भाचीचा फोन. लग्न होऊन तिकडे गेली, तेव्हा तिला तिथलं रहिवासी कार्ड मिळालं. हे कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही मुदतीत असले की शेंगेन गटातल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावी ५ देशांनी करार केला, आज गटात २९ देश आहेत. इंग्लंड, आयर्लंड मात्र त्यात नाहीत बरं का!

"मुदत कधी संपते गं?" मी विचारलं.

"काय माहीत! सगळं यांच्याच कपाटात असतं."

माझ्या काळजात चर्र झालं. आमच्या बचत गटातही हेच. पासबुक नवऱ्याकडे, रेशनकार्ड सासूबाईंकडे!

संध्याकाळी पुन्हा फोन. "मावशी, कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय गं! बरं झालं विचारलंस. उद्याच अर्ज करते. आणि आता दोन्ही माझ्याच पर्समध्ये."

मैत्रिणींनो, पॅरिस राहू द्या बाजूला. तुमच्या नावाचे कागद आज कुणाच्या कपाटात आहेत?