अर्ध्या फेरीत अडलेलं इंजिन

ओहायोत एप्रिलमध्ये गवत डोळ्यांदेखत वाढतं. माझ्या लेकीच्या घरामागे अर्धा एकर हिरवळ आहे आणि ती कापायला गॅरेजमध्ये एक मोअर ठेवलेला असतो, छोट्या ट्रॅक्टरसारखा, वर बसून चालवायचा. नोव्हेंबरपासून तो झोपून होता. जावयानं चावी फिरवली. घर्र... ढप्प. इंजिन जेमतेम अर्धी फेरी फिरलं आणि भिंतीवर आपटल्यासारखं थांबलं.

‘‘बॅटरी गेली, बाबा,’’ तो म्हणाला. नवी बॅटरी आणली, बसवली. ढप्प.

तो आवाज मला ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते काही केल्या आठवेना. मग तासभर आम्ही दोघं त्या यंत्राभोवती फिरत होतो, आणि त्या तासाभरात मी थक्क होत गेलो. एवढंसं इंजिन, पण सुरू न होण्याच्या किती तऱ्हा, आणि प्रत्येक तऱ्हेचा आवाज वेगळा!

चावी फिरवल्यावर काहीच वाजलं नाही, तर बहुधा यंत्रानं स्वतःहून नकार दिलेला असतो. ब्रेकचं पॅडल पुरतं दाबलेलं नसेल किंवा पात्यांचा खटका चालूच राहिला असेल, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही. सीटखालीही एक बटण असतं. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद. (हे बटण बांधून ठेवणारे महाभाग असतात, त्यांना स्वतःच्या पायांचा कंटाळा आला असावा.) नुसतं ‘टक’ वाजलं तर बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल गंजलेले. दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली समजू नये. सेल्फला दिव्यांच्या कित्येक पट करंट लागतो.

इंजिन गरागरा फिरतं पण पेट घेत नाही, तेव्हा आपल्याकडच्या स्कूटर मेकॅनिकचे दोनच प्रश्न असायचे. पेट्रोल येतंय का? करंट येतोय का? ओहायोतही तेच दोन.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 9000 लिटर हवा लागते. हे प्रमाण सांभाळतं कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे मिलिमीटरहूनही बारीक भोक. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, त्याचा चिकट थर त्या भोकात बसतो, की संपलं. बऱ्याच मोअरमध्ये कार्बोरेटरच्या तळाशी विजेवर चालणारी एक खुंटीही असते. चावी लावली की ती खाली सरकून पेट्रोलला वाट देते. तिची बारीकशी ‘टिक’ ऐकू आली नाही, तर पेट्रोल टाकीत असूनही इंजिन उपाशी.

करंटची कथा त्याहून नवलाची. प्लगमधली ठिणगी या इंजिनांत बॅटरीतून येतच नाही. बॅटरी फक्त इंजिन फिरवते. फ्लायव्हीलवर लोहचुंबक बसवलेला असतो, तो कॉइलसमोरून, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढ्या फटीतून, भिरभिरत जातो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टची वीज जागी करतो. गवत कापायच्या यंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये एडविन बडिंगला 1830 साली मिळालं. कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं. पुढच्याच वर्षी, 1831 मध्ये, फॅरडेला चुंबकापासून वीज मिळवण्याचं मर्म सापडलं. आज ती दोन्ही कामं एकाच पत्र्याच्या टपाखाली चालतात. मिनिटाला 3600 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 60 ठिणग्या. त्यातल्या निम्म्या वाया जातात, कारण दर दुसऱ्या फेरीला ठिणगी पडते तेव्हा सिलिंडरमध्ये फक्त धूर असतो. चुंबकाला त्याचं काय!

आणि असं इंजिन बंद कसं करायचं? चुंबक फिरतोय तोवर वीज होतच राहणार. म्हणून चावी बंद केल्यावर तार तुटत नाही, उलट जोडली जाते: कॉइलची वीज सरळ सांगाड्यात, म्हणजे अर्थमध्ये, सोडून दिली जाते. हिवाळ्यात उबेला आलेल्या उंदरानं हीच तार कुरतडली आणि ती उघडी पडून सांगाड्याला टेकली, तर तुम्ही चावी कितीही फिरवा, इंजिनाच्या लेखी ती बंदच आहे.

आमची तार शाबूत होती. पुन्हा चावी, पुन्हा ढप्प. आणि मला एकदम विहीर दिसली.

गावाकडे विहिरीवर डिझेल इंजिन होतं. हँडल मारताना आधी डोक्यावरची एक दांडी उचलायची. दांडी न उचलता जोर लावला की हँडल अर्ध्यात अडायचं. ढप्प! कारण पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, आणि तो दाब माणसाच्या दंडाला पेलवत नाही. दांडी उचलली की एक व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, हवा निसटते, चाक वेग धरतं. मग दांडी सोडायची.

मोअरच्या सिलिंडरमध्ये अर्धा लिटर हवा कटिंग चहाच्या मापात दाबली जाते. ती त्याच्या छोट्या सेल्फलाही पेलणारी नाही. मग इथे दांडी कोण उचलतं? इंजिन स्वतःच. कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक इवलासा उंचवटा असतो. इंजिन हळू फिरत असताना तो एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कणभर उचलून धरतो. वेग आला की एक चिमुकलं वजन बाहेर फेकलं जातं, उंचवटा आत दडतो आणि व्हॉल्व्ह घट्ट बसतो. त्या उचलण्याचा भरवसा असतो टॅपेटच्या फटीवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागाच्या मधल्या जागेवर. वापरानं ती वाढली, की उंचवटा येऊन जातो आणि व्हॉल्व्हला त्याचा पत्ताही लागत नाही.

चावी काढली, प्लग काढला, वरचं झाकण उघडलं. पिस्टन कळसावर आणून पुढे सहाएक मिलिमीटर उतरवला, म्हणजे तो उंचवटा मापात गफलत करणार नाही. फट मोजायचा फीलर गेज घातला. इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे फट 0.15 मिलिमीटरच्या आसपास हवी होती, वहीच्या दोन पानांएवढी. निघाली त्याच्या दुप्पट. पाना एवढासा फिरवला, नट आवळला.

जावयानं चावी फिरवली आणि गॅरेजच्या दारावरचे दोन पक्षी उडाले.

जुनी बॅटरी कोपऱ्यात पडली होती. रात्री तिला चार्जर लावला, सकाळी काढला आणि संध्याकाळी मीटर धरून पाहिला. 12.6 व्होल्ट.