'जय भीम, लिंक उघडा' एवढ्याने वाचक येत नाहीत

आपल्या गटांत हे रोज घडते. एखादा कार्यकर्ता लेखाची लिंक टाकतो आणि खाली लिहितो, 'जय भीम, सर्वांनी वाचा व पुढे पाठवा.' निळी हृदये येतात, हात जोडले जातात. लेख मात्र उघडलेला नसतो. मग तीच लिंक आणखी वीस गटांत जाते.

मीही हेच केले आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या एका गटात आठवडाभर रोज लिंक टाकली आणि आठव्या दिवशी चालकाने मला बाहेर काढले. तेव्हा राग आला होता. आता वाटते, त्यांचे बरोबर होते. मुले तिथे प्रश्न घेऊन आली होती आणि मी पत्रके वाटत होतो.

इंटरनेटवर लोक चर्चेला जमतात अशा जागा पुष्कळ आहेत. मराठीत 'मायबोली' १९९६ पासून आहे, नंतर 'मिसळपाव' आले, कोराची मराठी आवृत्ती आली. फेसबुक, टेलिग्रामचे गट तर मोजता येणार नाहीत. या सगळ्या जागा सारख्या नाहीत. व्हॉट्सॲप गटातले बोलणे गूगलवर सापडत नाही, दोन दिवसांत ते वर सरकून जाते. कोरा किंवा मायबोलीसारख्या खुल्या जागेवर दिलेले उत्तर मात्र चार वर्षांनीही कोणाला तरी शोधात मिळते. आपली बहुतेक मेहनत पहिल्या प्रकारात खर्च होते.

आजचा एक प्रश्न घ्या. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे आणि तरुण विचारत आहेत, 'धर्म बौद्ध लिहिला तर अनुसूचित जातीची सवलत जाते का?' गावोगाव ही भीती पसरवली जाते. इथे 'सविस्तर वाचण्यासाठी क्लिक करा' असे लिहून चालणार नाही. उत्तर तिथेच द्यायचे: सवलत जात नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्यासोबत बौद्धांचाही समावेश झाला. म्हणून धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात यादीतली आपली जात, या दोन नोंदी एकमेकींना मारत नाहीत. एवढे लिहून झाल्यावर, 'दुरुस्तीचा मजकूर आणि प्रमाणपत्राची माहिती या पानावर आहे' असे सांगून लिंक द्यावी, तीही थेट त्याच पानाची. मुखपृष्ठाची लिंक दिली की माणूस तिथे हरवतो आणि परत जातो.

काहींना वाटते, सगळे तिथेच सांगितले तर आपल्याकडे कोण येईल? माझा अनुभव उलटा आहे. ज्याला चार ओळींत खरे उत्तर मिळाले, तोच पाचवी ओळ वाचायला येतो.

आमच्या खानदेशातले उदाहरण देतो. ३१ जुलै जवळ आला की लोक विचारू लागतात, लळिंगला बाबासाहेब कधी आले होते? १९३७ साली त्या दिवशी न्यायालयीन कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी तिथे बांधव जमतात. ही माहिती मी एका गटात लिहिली, मुंबई-आग्रा महामार्गावर लळिंग कुठे लागते ते सांगितले आणि शेवटी आमच्या पानाची लिंक दिली. कोरीटमध्ये बसून लिहिलेले ते पान आता दर जुलैत कोणी ना कोणी उघडते. जाहिरातीवर एक रुपया लागला नाही.

जास्त ठिकाणी लिंक चिकटवली की गूगल आपल्याला वर आणते, हा समज जुना आहे. बहुतेक चर्चास्थळे आता अशा लिंकांवर खूण ठेवतात आणि शोधयंत्र त्यांना फारसे वजन देत नाही. विकिपीडियावर स्वतःच्या स्थळाची लिंक घुसवू नका. ती काढली जाते आणि नाव खराब होते. टोपणनावाने स्वतःच स्वतःचे कौतुक करणे तर नकोच. आपण काय काम करतो ते उघड सांगावे. जातीवरून शिवीगाळ होईल तिथे एकदा पुराव्यासह उत्तर द्यावे, त्या मजकुराची प्रत जपून ठेवावी आणि तक्रार करावी. रात्रभर वाद घालून वाचक वाढत नाहीत.

हे सगळे करताना मूळ मजकूर मात्र आपल्याच स्थळावर असला पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या जागेवर शेवटचा शब्द त्याचाच असतो. आमच्या आधीच्या पिढीतील कार्यकर्त्यांनी ऑर्कुटवर, याहू ग्रुप्सवर रात्री जागून चर्चा केल्या. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. ज्यांनी आपले लिखाण वेगळे साठवले होते त्यांचेच उरले.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एकच चर्चास्थळ निवडा. पहिले काही दिवस फक्त वाचा, लोक काय विचारतात ते वहीत टिपून ठेवा. त्यातल्या ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संकेतस्थळावर नाही, तो आपला पुढचा लेख.